खरं लाकूड कुठे आणि लाकडासारखं कुठे

घरात लाकूड पाहिजे म्हटलं की आपल्याकडे दोनच मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे "आपल्या हवेत लाकूड टिकतच नाही, सरळ टाईल लावून मोकळी हो" आणि दुसरं म्हणजे "हल्ली सगळं वॉटरप्रूफ येतं, बिनधास्त लाव". ठाण्यात राहून घराचं काम करून घेतल्यावर मला ही दोन्ही मतं अर्धवट वाटतात. माझं मत आधीच सांगून टाकते, कारणं मागून येतीलच. जिथे रोज पाणी लागतं तिथे लाकडासारखं दिसणारं घ्यावं आणि जिथे रोज हात लागतो तिथे खरं लाकूड घ्यावं. म्हणजे पायाखाली टाईल, आणि दाराची चौकट, देवघर, जेवायच्या टेबलाची फळी, खिडकीतलं बसायचं बाकडं हे खरं सागवान. भिंतींचं जरा वेगळं आहे, तिथे आधी भिंत कोरडी आहे का ते बघायचं आणि मगच कॅटलॉग उघडायचा.

आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहतो, मागे येऊरचा डोंगर, त्यामुळे जून ते सप्टेंबर घरात कसली हवा असते ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. पापड सादळतात, कपाटातल्या पर्सवर बुरशी धरते, बाथरूमचं दार खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. जुलैत आर्द्रता दिवसच्या दिवस ८५-९० टक्क्यांवर असते आणि तीच हवा फेब्रुवारीत दुपारी चांगली कोरडी होते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी. हवा साधारण ६० टक्के आर्द्र असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, हवा ८५-९० वर गेली की तेच १८-२० टक्क्यांपर्यंत जातं. आणि यातली मेख अशी की फळी लांबीला जवळजवळ वाढतच नाही, ती रुंदीला फुगते. दार वरून-खालून नाही, कडीच्या बाजूने अडकतं ते याच्यामुळे. हे एवढं एकदा डोक्यात बसलं ना की शोरूममधल्या निम्म्या गप्पा आपोआप गळून पडतात.

फरशीपासून सुरुवात करते कारण पैसे तिथेच सगळ्यात जास्त जातात आणि ती परत बदलणं सगळ्यात कटकटीचं. आपल्याकडे फरशी रोज पुसली जाते, बादलीत फडकं बुडवून, फिनाईल टाकून. मावशींना "पिळून पुसा हं" सांगितलं तरी पावसाळ्यात चिखलाचे पाय घरभर उमटल्यावर कोण पिळत बसणार, आणि का बसावं, स्वच्छ पाणी मारून फरशी पुसणं ही आपली चांगली सवय आहे, एका फ्लोअरिंगसाठी ती कशाला सोडायची. त्यात गणपतीत माणसांची ये-जा, ओल्या छत्र्या, रेनकोट, लहान मुलं असतील तर सांडलेलं दूध. फोटोत दिसणारी लाकडी फ्लोअरिंगची घरं बहुतेक थंड देशातली असतात, तिथे झाडू आणि व्हॅक्युमवर काम भागतं आणि बाहेरची हवा वर्षातले चार महिने पाण्यात भिजलेली नसते.

लॅमिनेट फ्लोअरिंगबद्दल नीट सांगते, कारण किंमत ऐकून बरेच जण तिथेच थांबतात. त्याच्या आत असतं एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंद घालून प्रचंड दाबाने दाबलेली पाटी. तिच्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाईनचा पारदर्शक थर, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साईडचे बारीक कण. वरचा थर खरंच चिवट असतो, त्याची घासलं जाण्याची ताकद एसी-३, एसी-४, एसी-५ अशी मोजतात आणि सेल्समन हाच आकडा जोरात सांगतो, "मॅडम एसी-४ आहे, ऑफिसात लावतात". बरोबर आहे, पण एसी हा आकडा घासण्याचा आहे, पाण्याचा नाही. पाणी वरून जातच नाही, ते जातं दोन फळ्यांच्या जोडातून, आणि आतलं एचडीएफ एकदा का पाणी प्यायलं की भिजलेल्या बिस्किटासारखं फुगतं आणि परत बसत नाही. आमच्याच मजल्यावर एका घरी बाल्कनीच्या स्लायडिंगच्या बाजूची पट्टी अशी झालीय. पावसाची झड स्लायडिंगच्या खालून आत येते, अगदी थोडीशी, पण रोज. जोडावरून बोट फिरवलं तर दोन्ही कडा वर उचललेल्या लागतात, कडेला छापील कागद सुटलाय, खाली भुरकट तंतू दिसतात आणि नखाने खरवडलं तर भुसा सुटतो. आणि तिथून हातभर आतली फळी मात्र नवीकोरी, एक ओरखडा नाही. म्हणजे वापराने काहीच झालं नाही, जे झालं ते पाण्याने.

मग लॅमिनेट लावूच नये का? बेडरूममध्ये लावा की, जिथे बाल्कनी नाही, बाथरूमचं दार थेट त्या खोलीत उघडत नाही, तिथे चालतं. १२ मिलिमीटरचं घ्या म्हणजे पायाखाली पोकळ आवाज कमी येतो, चारही बाजूंना भिंतीलगत ८-१० मिलिमीटर फट सोडतायत ना ते बघा (वरून स्कर्टिंगने ती झाकली जाते), आणि बॉक्स आल्या आल्या लावू देऊ नका, ४८ तास त्याच खोलीत आडवे पडू द्या म्हणजे तिथल्या हवेला ते सरावतात. हॉलमध्ये आणि किचनमध्ये मात्र नको.

एसपीसी फ्लोअरिंगचा हल्ली बोलबाला आहे. चुनखडीची पूड आणि पीव्हीसी मिळून त्याची पाटी बनते, त्यामुळे पाण्याने फुगत नाही ही गोष्ट खरीच आहे. ४ ते ६ मिलिमीटर जाडी, क्लिक लॉक (म्हणजे फळ्यांच्या कडा एकमेकींत अडकतात), जुन्या टाईलवर सरळ बसतं, तोडफोड नाही, डेब्री नाही, सोसायटीची कटकट कमी. घरात वयस्कर माणसं असतील, दोन आठवडे धूळ चालणारच नसेल, तर हा पर्याय मला मनापासून चांगला वाटतो. पण तीन गोष्टी विचारून घ्या. वरचा वेअर लेयर, म्हणजे घासलं जाणं सोसणारा थर, किती, ०.३ का ०.५ मिलिमीटर, एकूण जाडीपेक्षा हा आकडा महत्त्वाचा. खालची फरशी सपाट आहे का, दोन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून बघायची, मध्ये ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हलिंग करून घ्या, नाहीतर चालताना क्लिक तुटतात. आणि ऊन. एसपीसी पाण्याने नाही फुगत पण उष्णतेने वाढतं, पश्चिमेच्या मोठ्या काचेतून एप्रिल-मेचं ऊन दुपारभर त्याच पट्ट्यांवर पडत असेल आणि वर जड वॉर्डरोब किंवा फ्रीजने फ्लोअरिंग एका बाजूला दाबून धरलेलं असेल तर ते मध्येच उचलतं. पडदा लावा, फट सोडा. दारं खालून थोडी रंधावी लागतात तेही आधीच धरून चाला.

इंजिनियर्ड वुड, म्हणजे खाली प्लाय आणि वर खऱ्या लाकडाचा २ ते ४ मिलिमीटरचा थर, पायाला सगळ्यात सुंदर लागतं यात वाद नाही. पण किंमत, रोजची फरशी पुसणं आणि आपला जुलै या तिन्हीचा हिशोब घातल्यावर ठाण्यात मी तरी ते कुणाला सुचवणार नाही.

तर आम्ही हॉल, किचन, पॅसेज सगळीकडे वुडन प्लँक टाईल लावली, व्हिट्रिफाईड, २०० बाय १२०० मिलिमीटरची, मोरबीचा माल. आपल्या बाजारातल्या बहुतेक टाईल्स गुजरातेतल्या मोरबीतूनच येतात. व्हिट्रिफाईड टाईल पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, तिचं पाणी शोषण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असावं लागतं. पण वुडन टाईल निवडणं हे साध्या टाईलपेक्षा अवघड काम आहे कारण इथे डोळ्याला फसवायचंय, आणि डोळा फसतो का नाही हे शोरूमच्या भिंतीवर उभ्या लावलेल्या एका टाईलवरून कधीच कळत नाही.

दुकानदाराला दोन वेगवेगळे बॉक्स फोडायला सांगा आणि आठ-दहा टाईल्स जमिनीवर एकमेकींना लावून पसरायला सांगा. थोडं कुरकुरतात पण करतात. मग उभं राहून गाठी बघा. लाकडाला गाठ असते, डोळ्यासारखी गोल, तिच्या बाजूने रेषा वळून जातात. स्वस्त डिझाईनमध्ये छपाईचे चारच फेस, म्हणजे चारच वेगळी चित्रं असतात, म्हणजे दर पाचव्या टाईलला तीच गाठ, त्याच जागी, तिला तीच छोटीशी चीर. एकदा दिसली की मग फरशीवर दुसरं काही दिसतच नाही. चांगल्या मालात फेस जास्त असतात, नेमके किती ते विचारायचं. मी तर सरळ गाठी कमी आणि रेषा सरळ असलेलं डिझाईन घेतलं, तिथे पुनरावृत्ती लपून जाते. रंग मध्यम घेतला, फार गडद वॉलनटवर धूळ आणि पावलं दिवसभर दिसतात, फार फिक्या करड्यावर घर उदास वाटतं असं माझं मत. फिनिश मॅट. ग्लॉसी लाकूड कुठे असतं का? आणि ग्लॉसीवर ओले पाय सटकतात ते वेगळंच.

दुसरी तपासणी, दोन टाईल्स तोंडाला तोंड लावून धरा, छापील बाजू आतमध्ये. लांब टाईल भट्टीत भाजताना मध्ये किंचित फुगते, चार फुटांच्या टाईलला थोडासा बाक येतोच. मध्ये टेकून टोकांना फट दिसत असेल तर किती दिसते ते बघा. याचा परिणाम लावताना होतो, टाईलमिस्त्री सवयीने विटांसारखी अर्ध्यावर जोड मारायला जातात आणि मग एकीचं फुगलेलं पोट शेजारणीच्या खाली गेलेल्या टोकाशी येतं, पायाला ठेच लागते. जोड एक तृतीयांशावर किंवा त्याहून कमीवर घ्यायचा. हे मी मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं आणि पहिल्या दोन ओळी होईपर्यंत तिथेच उभी राहिले. लावायचं टाईल ॲडेसिव्हने, दातेरी थापीने सगळीकडे सारखं ओढून, सिमेंटचे गोळे टाकून नाही, कारण गोळ्यांमुळे कोपरे पोकळ राहतात आणि त्या कोपऱ्यावर काही जड पडलं की टाईल तुटते. २ मिलिमीटरचे स्पेसर, आणि फटी भरायला टाईलच्या मधल्या छटेचा एपॉक्सी ग्राऊट. पांढरा किंवा काळा ग्राऊट भरला तर लाकूड लगेच गायब होतं आणि चौकटी दिसायला लागतात.

दिशेचं सांगायचं तर आम्ही फळ्या मुख्य दारातून बाल्कनीकडे जाणाऱ्या ठेवल्या, उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेने. जोड कमी दिसतात आणि छोटा हॉल लांब वाटतो. बॉक्सवर शेड नंबर आणि बॅच नंबर असतो, सगळे बॉक्स एकच आहेत ना ते टेम्पोतून उतरवतानाच बघायचं. दहा टक्के जास्त घ्या, उरलेली एक पेटी माळ्यावर टाका, पुढे प्लंबिंगसाठी एखादी टाईल फोडावी लागली तर तो शेड परत मिळत नाही. बाथरूममध्ये वुडन टाईल लावायची असेल तर स्लिप रेटिंग (पाय किती सटकतो त्याचा आकडा) आर-१० किंवा आर-११ आहे का विचारा, आर-९ ओल्या जागी कमी पडतं.

आता भिंती. यावर मला जरा तळमळीने लिहावंसं वाटतं कारण सध्या जो तो टीव्हीच्या मागे फ्लुटेड पॅनल, लूव्हर्स, चारकोल पॅनल अशी खाचांची तयार पॅनल्स लावत सुटलाय आणि त्यातले कितीतरी जण ओल झाकायला ते लावतायत. भिंतीला ओल आली, रंग फुगला, पोपडे पडले, आणि कुणीतरी सांगतं "वरून पॅनल मारून टाका, दिसणार नाही". दिसणार नाही हे खरं, पण ओल जात नाही ना. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या) पॅनलला स्वतःला काही होत नाही, त्याच्या मागे भिंत आणि पॅनल यांच्यामधल्या बंद जागेत बुरशी वाढत राहते. खोलीत कुबट वास येतो, घरात दम्याचं माणूस असेल तर त्रास वाढतो, आणि वास कुठून येतोय ते कुणालाच कळत नाही कारण भिंत तर छान दिसतेय. आमच्या ओळखीत एका घरी पॅनल काढलं तेव्हा मागचं प्लास्टर हाताने निघत होतं.

म्हणून भिंतीवर काहीही लावायच्या आधी एक अगदी साधी गोष्ट करा. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा पारदर्शक कागद घ्या, चारही कडा पक्क्या टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस सोडा. आतल्या बाजूला थेंब धरले किंवा भिंत तिथे गडद झाली तर ओलावा भिंतीतून येतोय. बाहेरच्या बाजूला धरले तर तो खोलीतल्या हवेचा. आणि हे ऑगस्टमध्ये करा. मार्चमध्ये ठाण्यातली कुठलीही भिंत कोरडीच असते. पश्चिम आणि नैऋत्येच्या बाहेरच्या भिंती, बाथरूमला लागून असलेल्या भिंती, आणि वरच्या मजल्याच्या बाल्कनीखालची भिंत, या तिन्हींवर विशेष लक्ष. ओल निघाली तर आधी बाहेरून चिरा भरून वॉटरप्रूफिंग, नंतर सजावट. सोसायटीशी भांडावं लागलं तरी क्रम हाच.

भिंत कोरडी निघाली तर मग मजा आहे. आतल्या कोरड्या भिंतीवर मला खरं व्हिनियर आवडतं. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा पापुद्रा, खाली चार मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवलेला. त्यातही नॅचरल आणि रिकॉन असे दोन. रिकॉनमध्ये साधं लाकूड रंगवून, दाबून, परत कापून एकसारख्या रेषा काढलेल्या असतात, सगळे शीट एकसारखे येतात. नॅचरलमध्ये प्रत्येक शीट वेगळं, म्हणून एकाच झाडाच्या लागोपाठच्या शीट्स घ्याव्या लागतात, दुकानात शीटच्या मागे क्रमांक टाकलेले असतात, ते ओळीने घ्यायचे. पुस्तक उघडल्यावर दोन पानं समोरासमोर येतात तसे शीट लावले की रेषा मध्यावर मिळतात आणि भिंतीवर जे काही उमटतं ते कुठल्याच छपाईला जमत नाही. उन्हाने रंग बदलतो हे लक्षात ठेवा, वॉलनट फिका पडत जातो, सागवान सोनेरी-तपकिरी होत जातं. त्यामुळे व्हिनियरच्या भिंतीवर फ्रेम टांगली आणि दोन वर्षांनी काढली तर मागे चौकोन उमटलेला दिसतो.

पॅनलच लावायचं असेल तर थेट भिंतीला गोंदाने चिकटवण्यापेक्षा पट्ट्या ठोकून त्यावर लावा, मागे थोडी हवा खेळू द्या, वर-खाली बारीक फट ठेवा. नवीन टॉवर्समध्ये भिंती मायवानच्या, म्हणजे सगळं ओतीव काँक्रीट, तिथे साधं ड्रिल टेकत नाही, हॅमर ड्रिल आणायला आधीच सांगून ठेवा. आणि पीव्हीसी पॅनल देवघराच्या मागे किंवा शेगडीजवळ कृपा करून लावू नका. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराईडसारखा घशाला, डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो. समईची ज्योत आणि प्लास्टिकची भिंत यांच्यात वीतभर अंतर, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय आणि दर वेळी बोलून दाखवलंय.

एक चांगली गोष्ट राहिली. न्हावा शेवा बंदरामुळे नवी मुंबई-पनवेल पट्ट्यात पॅकिंगच्या पेट्यांचं पाईनवुड मिळतं, तरुण मुलं त्याच्या फळ्या घासून भिंतीला लावतात, छान दिसतात. फक्त त्या पेटीवर शिक्का असतो तो वाचा. आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, लाकडी पॅकिंगवर कशी प्रक्रिया केली ते लिहावं लागतं. एचटी असेल तर उष्णता दिलीय, ते घ्या. एमबी असेल तर मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलीय, ते घरात आणू नका. पाईन मऊ असतं, भिंतीला ठीक, जमिनीला नाही.

आता जिथे हात लागतो त्या जागा. नौपाड्यातली माझ्या माहेरची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, लाकडी जिना, लाकडी कठडे, माळ्याच्या तुळया, सगळं जुनं सागवान. पाडणारे ते भंगाराच्या भावात उचलून जुन्या लाकडाच्या दुकानांना विकतात. त्यातल्या काही तुळया बाबांनी बोलून ठेवल्या. त्या बघून कुणी लाकूड म्हटलं नसतं, धुराने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या ऑइलपेंटने काळ्या झालेल्या, जागोजागी गंजलेले खिळे. आमचे सुतारकाका मूळचे संगमेश्वरचे, त्यांनी आधी लोहचुंबक फिरवून एकेक खिळा काढला, कारण एक जरी आत राहिला तरी आरागिरणीवाला लाकूड आत घेत नाही, त्याचं पातं जातं. मग कापून आणल्यावर काकांनी पहिला रंधा मारला आणि काळ्या पापुद्र्याखालून मधाळ सोनेरी लाकूड निघालं, आणि वास. जुन्या सागाचा तो तेलकट, थोडासा चामड्यासारखा वास सगळ्या फ्लॅटमध्ये पसरला. काका म्हणाले, "ताई, ह्याला आता फुगायचं-आटायचं काय राहिलं नाय. जेवढं हलायचं तेवढं हे हलून घेतलंय."

फुगणं-आटणं अगदी थांबतं असं नाही, पण वाकायचं-पिळवटायचं ते जुन्या लाकडाने बहुतेक आधीच करून घेतलेलं असतं, फायदा तोच. सागवान मुळातच बाकी लाकडांपेक्षा कमी फुगतं, त्यात नैसर्गिक तेल असतं म्हणून वाळवी गाभ्याला सहसा लागत नाही. गाभ्याला म्हणतेय कारण कडेचा फिका पांढरट भाग असतो त्याला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. नवीन सागवान घेताना तो पांढरा भाग किती आहे हे बघूनच भाव ठरवायचा. बाजारात बर्मा, घाना, सीपी अशी नावं ऐकू येतात. म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे कुणी आजचा ताजा बर्मा ओंडका दाखवत असेल तर जरा खोलात जाऊन विचारा. सीपी म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, त्यात आपलं चंद्रपूर-गडचिरोली आलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहूनच. आपल्याच राज्यात एवढं चांगलं लाकूड असताना मला बाहेरचं नाव घेऊन जास्त पैसे मोजायचं कारण दिसत नाही.

भाव घनफुटात असतो आणि हिशोब स्वतः करता यायला हवा. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. दाराची चौकट ५ बाय अडीच इंचाची, दोन उभ्या बाजू ७ फुटांच्या आणि वरची साडेतीन फुटांची, म्हणजे एकूण साडेसतरा फूट. गुणाकार येतो २१८.७५, भागिले १४४, म्हणजे साधारण दीड घनफूट. कापण्यातली घट वेगळी. एवढं कागदावर मांडून गेलात की कुणी दोन घनफूट लावत नाही.

आमच्या तुळयांतून मुख्य दाराची चौकट, देवघर, टेबलाची फळी आणि खिडकीतलं बाकडं झालं. टेबलाच्या फळ्या काकांनी खालच्या पट्टीला घट्ट खिळून टाकल्या नाहीत, पट्टीला लांबट भोकं पाडून त्यात स्क्रू बसवले, म्हणजे पावसाळ्यात फळी रुंदीला वाढली तर स्क्रू सरकतो आणि फळी चिरत नाही. पॉलिशचं म्हणाल तर देवघराला चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून हाताने पॉलिश केलं, फार सुंदर दिसतं, पण टेबलाला ते नको, गरम भांडं किंवा ओला पेला ठेवला की पांढरं वळं उमटतं. टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. चौकट भिंतीला बसवायच्या आधी मागच्या बाजूला, जी भिंतीत जाणार आणि कधीच दिसणार नाही तिला, जवसाच्या तेलाचे दोन हात आणि वाळवीचं औषध.

कपाटांच्या आतल्या खोक्यांना मात्र प्लाय. किचनमध्ये सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला आयएस-७१०चा, म्हणजे मरीन, ज्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे. बेडरूमच्या कपाटाला आयएस-३०३ चालतो. शिक्क्यावर सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर असतो, तो बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपवर टाकून तिथल्या तिथे तपासता येतो. शिवाय शीटची कड बघा, थरांमध्ये काळ्या पोकळ्या दिसल्या तर परत पाठवा. मुलांच्या खोलीसाठी ई-१ किंवा ई-० लिहिलेलाच माल घ्या, गोंदातल्या फॉर्मल्डिहाईडचा तो आकडा आहे, आणि फॉर्मल्डिहाईडला आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलंय. नवीन कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्यानेच.

वेळेचं शेवटी सांगते. टाईलचं काम वर्षात कधीही करा, पण सुतारकाम दिवाळीनंतर सुरू करा. जुलैत फुगलेल्या लाकडाचं दार मापात बसवलं तर फेब्रुवारीत त्याच्या कडेने उजेड दिसतो, आणि पावसाळ्यात पॉलिश मारलं तर दमट हवेने ते पांढुरकं, धुरकट होतं. आमचे काका शिमग्याला गावी जातात आणि पालखी झाल्याशिवाय परत येत नाहीत, तुमचेही बहुतेक जातच असतील, तेव्हा पॉलिशचा शेवटचा हात होळीच्या आधी मारून घ्यायचं त्यांच्याशी पहिल्याच दिवशी ठरवून टाका.